तिखट जपानी नूडल्स चाखायचा क्रम कसा लावू? मदत हवी आहे
मंडळी, मी टोक्योत असते, शनिवारी आम्ही चौघी तिखट कप नूडल्स चाखून मार्क देणार आहोत. सेव्हन-इलेव्हन दुकानातून मोको तानमेन नाकामोतो नावाचं कप नूडल्स आणलंय, मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचा) रस्सा, टोफूचे तुकडे, 5 मिनिटांनी वरून तिखट तेलाची पुडी, आणि दुसरं पेयांग ब्रँडचं गेकीकारा (म्हणजे जहाल तिखट) याकिसोबा, हे बिनरश्श्याचे कोरडे नूडल्स, त्यातलं पाणी निथळून सॉस कालवायचा. आता होतं काय, पहिल्या दोन घासातच जीभ पेटते आणि पुढच्याची चवच कळत नाही, नाकामोतोचा मिसो इतका सुंदर लागतो की तो वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं. पाण्याने कॅप्सेसिन (मिरचीतला तिखटपणा आणणारा घटक) जात नाही, मग मध्ये दूध घ्यावं की साधा भात? रस्सेवाले आणि कोरडे एकत्र मोजणं मला तरी पटत नाही. तिखटाचे आणि चवीचे मार्क वेगळे ठेवू का? कोणी केलंय का असं, प्लीज सांगा.