विषय: आयल ऑफ मल, आई-बाबांना घेऊन जायचंय, कोणी जाऊन आलंय का?

नमस्कार मंडळी,
जूनमध्ये आई-बाबा नाशिकहून येतायत. स्कॉटलंडच्या मल बेटावर डर्वेग गावाजवळ आठवडाभर कॉटेज घेतलंय, ग्लासगोहून गाडीनंच जाणार. बाबांना चालायला भयंकर आवडतं, आईचे गुडघे दुखतात आणि ती पक्की शाकाहारी. काय बघावं, कुठे जेवावं?

---

अगं, जागा छान निवडलीस! आधी ओबन बंदरातून बेटावर येणारी फेरीबोट गाडीसकट बुक कर, पायी माणसाला जागा मिळते पण जूनमध्ये गाडीला मिळेलच असं नाही. बेटावरच्या क्रेगन्यूअर धक्क्याला पोचायला पाऊण-एक तास.

आणि एका दिवशी बेटाचं एकच टोक कर, हे मी सगळ्यांना कळकळीनं सांगते. रस्ते एकपदरी, पासिंग प्लेस (दुसऱ्या गाडीला वाट द्यायला ठेवलेली रुंद जागा) डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबायचं, आणि मागून स्थानिक गाडी आली तर तिला पुढे जाऊ द्यायचं, त्यांना कामावर जायचं असतं, बोट गाठायची असते. वर मेंढ्या रस्त्यातच बसलेल्या. तुमच्याकडून दुसऱ्या टोकाच्या फिनफोर्टला जायलाच दोन तास धर.

तो दिवस आयोना बेटासाठी ठेव. फिनफोर्टहून बोटीनं दहा मिनिटं, पाहुण्यांच्या गाड्या तिकडे नेत नाहीत त्यामुळे शांतता असते, आणि ५६३ साली संत कोलंबानं जिथे मठ स्थापला तिथपर्यंत धक्क्यापासून आई हळूहळू चालत जाईल. स्टॅफा या छोट्या बेटाची बोट मात्र बाबांनीच करावी. बेसाल्टचे उभे खांब, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आहेत त्याच जातीचे, आणि वाट उघडी असेल तर त्यांच्यावरूनच पाय टाकत फिंगलच्या गुहेकडे जायचं. समुद्र खवळलेला असेल तर बेटावर उतरवत नाहीत. जूनमध्ये पफिन पक्षी असतात, अगदी जवळून दिसतात.

कॅलगरीचा किनारा तुमच्या घराजवळच. पांढरी वाळू, मुठीत घेऊन बघ, शिंपल्यांचा बारीक चुरा दिसेल. गाडीतून उतरलं की लगेच किनारा, आईची काळजी नको. टोबरमोरी गावात बाबांना दीपगृहापर्यंत पाठव, झाडीतून कड्याकडेनं सुंदर वाट आहे, तोवर तू आणि आई बंदरावर रंगीत घरांसमोर बसा.

आता माझी सगळ्यात आवडती जागा, जी फारसं कोणी सांगत नाही. ग्रूलीनला लॅकलन मॅक्वारीची समाधी आहे. हा शेजारच्या अल्वा बेटाजवळचा माणूस, पुढे न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला, पण त्याआधी कित्येक वर्षं मुंबईत फौजेत होता. १७९३ मध्ये मुंबईतच जेन जार्विसशी लग्न केलं, तीन वर्षांत ती मकावला क्षयानं वारली, तर त्यानं तिला मुंबईत आणून पुरलं. नंतर मलवर जमीन घेतली तिला नाव दिलं जार्विसफील्ड. दगडी समाधी, भोवती कुरण, वाट सपाट आणि छोटी. मला तिथे उभं राहिलं की मुंबईत पुरलेल्या त्या मुलीचंच जास्त वाटतं.

जेवणाचं म्हणशील तर टोबरमोरीच्या धक्क्यावरच्या गाडीवर स्कॅलॉप आणि मासे झकास, बाबा खात असतील तर सोडू नका. आईसाठी चिप्स कुठल्या तेलात तळतात ते विचार, मासे त्यातच तळलेले असू शकतात. भाज्यांचं सूप आणि ब्रेड चालेल तिला, तिथलं चेडर चीज मात्र नको, त्यात वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. रात्रीचं टेबल आधी ठरव, किचन लवकर बंद होतं. दूध-भाजी टोबरमोरीला मिळेल पण तूरडाळ, पोहे, हिंग, गोडा मसाला घरूनच ने, दमून आल्यावर वरणभातच बरा वाटतो.

---

काकूंच्या मेलला एक जोड. वारा पडला आणि ढग असले की संध्याकाळी मिजेस येतात, चिलटांहून बारीक पण चावतात फार. डोक्यावरून घालायची जाळी ओबनलाच घ्या आणि संध्याकाळी कॉटेजच्या खिडक्या बंद ठेवा.

---

काकू, दादा, खूप खूप आभार! फेरी आज रात्रीच बुक करते. ग्रूलीनचं बाबांना फोनवर वाचून दाखवलं, ते म्हणाले स्टॅफा राहिलं तरी चालेल, ती समाधी आधी. काकू, ग्रूलीनला गाडी कुठे लावायची तेवढं सांगाल का?

---

सेलन गावाहून जाताना रस्त्याला पाटी दिसेल, कुठल्याही पासिंग प्लेसमध्ये मात्र लावू नकोस, जागा बघून नीट कडेला लाव आणि पुढे चालत जा. आई-बाबांना नमस्कार सांग.