ऑक्टोबरात अटलांटाहून ग्रेट स्मोकी माउंटन्स: आई-बाबांना घेऊन चार दिवस कसे आखावेत?

सोनटक्का:

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात गुरुवार ते रविवार आम्ही सहाजण अटलांटाहून ग्रेट स्मोकी माउंटन्सला (टेनेसी-नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवरचं राष्ट्रीय उद्यान) जाणार आहोत. आम्ही दोघं, दोन मुलं (९ आणि १२) आणि भारतातून आलेले माझे आई-बाबा. बाबा ७४ वर्षांचे आहेत, गुडघा दुखतो, पण सपाटीवर मैलभर चालतात. आईला घाटात गाडी लागते. टोयोटाची सिएना हायब्रिड मिनीव्हॅन भाड्याने घेतो आहोत. हॉटेल अजून घेतलेलं नाही.

पानांचे रंग बघायचे आहेत, गॅटलिनबर्गची दुकानं नकोत. त्या आठवड्यात रंग असतील का? मुक्काम कुठे करावा? केड्स कोव्हची दरी शनिवारी केली तर चालेल का? आणि क्लिंगमन्स डोम, म्हणजे पार्कमधलं सगळ्यात उंच शिखर, बाबांना जमेल का?

डोंगरयात्री:

रंग नक्की मिळतील, फक्त ते कुठे शोधायचे ते बघा. हे पार्क सुमारे ८७५ फुटांपासून ६,६४३ फुटांपर्यंत उभं पसरलेलं आहे आणि रंग वरून खाली उतरत येतो. ४,००० फुटांच्या वर पिवळा बर्च, बीच, माउंटन अ‍ॅश ही झाडं सप्टेंबरच्या मध्यापासूनच बदलायला लागतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात भरात असतात. शुगर मेपल, रेड मेपल, स्कार्लेट ओक, हिकरी यांची खालची जंगलं ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत रंगतात. तुमच्या आठवड्यात साधारण ३,००० ते ४,५०० फुटांचा पट्टा सगळ्यात चांगला असतो. केड्स कोव्ह १,८०० फुटांच्या आसपास आहे, तिथे बरंच हिरवं दिसेल. ऊबदार सप्टेंबर आला की हे सगळं आठवडाभर पुढे सरकतं, म्हणून सगळे दिवस एकाच उंचीवर घालवू नका.

मुक्काम विभागून करा. पहिली रात्र पार्कच्या दक्षिणेला चेरोकी किंवा ब्रायसन सिटीत, पुढच्या दोन डोंगरापलीकडे टेनेसीतल्या टाउनसेंडला. गॅटलिनबर्ग आपोआप टळतं. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारच्या खोल्या फार लवकर संपतात, त्यामुळे हॉटेल आजच बघा.

गुरुवारी सकाळी निघून ४४१ नंबरच्या रस्त्याने क्लेटन, डिल्सबोरो करत चेरोकी, साधारण तीन-साडेतीन तास. दुपार हाताशी असेल तर ब्लू रिज पार्कवेने वॉटररॉक नॉबला जा. ४५१ व्या मैलाजवळ आहे आणि पार्किंगच ५,८०० फुटांवर, गाडीतून उतरलं की समोर डोंगररांगा. संध्याकाळी ओकोनालुफ्टी व्हिजिटर सेंटरसमोरच्या कुरणात एल्क (मोठ्या जातीची हरणं) येतात. २००१ मध्ये पार्कने ते पुन्हा आणून सोडले. ऑक्टोबरात नर माजावर असतात, तेव्हा १५० फुटांच्या आत जायचं नाही आणि कुरणात पाऊल टाकायचं नाही. मुलांना आधीच बजावून ठेवा.

शुक्रवारी पहाटे साडेसहाला चेरोकी सोडा. सूर्योदय साडेसातच्या पुढे-मागे होतो. ४४१ वरचीच न्यूफाउंड गॅप ही खिंड (५,०४६ फूट) आणि तिथून फुटणारा सात मैलांचा रस्ता क्लिंगमन्स डोमपर्यंत. पाट्यांवर आता ‘कुवोही’ असं नाव दिसेल; सप्टेंबर २०२४ पासून हे जुनं चेरोकी नावच अधिकृत आहे. जुन्या जीपीएसमध्ये मात्र क्लिंगमन्स डोमच शोधावं लागतं. तिथलं पार्किंग सकाळी उशिरापर्यंत भरून जातं आणि मग त्या सात मैलांवर रांग लागते. नऊच्या आत पोहोचणं हाच त्यावरचा उपाय.

बाबांबद्दल स्पष्ट सांगतो: शिखरावरच्या निरीक्षण मनोऱ्याची वाट डांबरी आहे, पण अर्ध्या मैलात सुमारे ३३० फूट चढते. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जाचेल. त्यांनी पार्किंगमधूनच बघावं, दृश्य तिथूनही भरपूर खुलं आहे. शिखराजवळ करड्या रंगाची वाळकी खोडं उभी दिसतील. ते फ्रेझर फर, बाहेरून आलेल्या एका बारीक किडीने मेलेले. पानगळ समजू नका.

परतताना न्यूफाउंड गॅपवरून टेनेसीच्या बाजूला शुगरलँड्स व्हिजिटर सेंटरला उतरा. हा तेरा मैलांचा उतार तुमच्या आठवड्यातला सगळ्यात सुंदर तुकडा असायची शक्यता जास्त. जिथे जागा मिळेल तिथे थांबत या. मग लिटल रिव्हर रोडने टाउनसेंड. वाटेत मेटकाफ बॉटम्सला नदीकाठी पिकनिकची बाकं आहेत, जेवण तिथे.

केड्स कोव्ह शनिवारीच करावं लागणार असेल तर सूर्योदयाला फाटकाशी हजर राहा. अकरा मैलांचा एकेरी रस्ता आहे. दहानंतर शिरलात तर तीन-चार तास गेलेच, कारण एक अस्वल दिसलं की पुढची शंभर माणसं गाड्या थांबवतात. तिथे रंगांसाठी जाऊ नका, हरणं, जुनी लाकडी घरं आणि धुकं यांसाठी जा. अडकलात तर स्पार्क्स लेन आणि हायट लेन हे दोन आडवे रस्ते दरी कापून परतीच्या बाजूला नेतात. शनिवारची दुपार फूटहिल्स पार्कवेवर घालवा, वॉलंड ते वेअर्स व्हॅली. हा सोळा मैलांचा भाग नोव्हेंबर २०१८ मध्ये खुला झाला. बाबांना गाडीतून न उतरता सगळं दिसेल.

चाकोरी:

गाडीबद्दल लिहितो, कारण इथे माणसं ब्रेक जाळतात.

न्यूफाउंड गॅपहून शुगरलँड्सपर्यंत साडेतीन हजार फुटांची उतरण आहे. पाय सतत ब्रेकवर ठेवला की डिस्क तापते, मग ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. सिएनात गिअर ‘एस’वर घेऊन खालचा टप्पा निवडा. उतारावर हायब्रिडची बॅटरी चार्ज होताना गाडीचा वेग थोडा रोखला जातो; बॅटरी भरली की हा ओढा कमी होतो, पण ‘एस’मध्ये इंजिन फिरून गाडी धरून ठेवतं. इंजिनाचा आवाज वाढेल, घाबरू नका. ब्रेक लावायचा तो दाबून, वेग उतरवून लगेच सोडायचा. जळका वास आला तर मोकळ्या जागेत थांबून वीस-तीस मिनिटं गार होऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतायचं नाही, डिस्क वाकते.

टायरची हवा निघायच्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याइतकी भरा. तापमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होतो. अटलांटात ७५ आणि कुवोहीला सकाळी ३५ असेल तर चार पीएसआय गेले, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे पंक्चरच असं नाही, पण चाकांकडे एकदा नजर टाका.

पार्कच्या आत पेट्रोल पंप नाही. चेरोकी आणि टाउनसेंड दोन्हीकडे टाकी भरा. फोनला रेंज जवळजवळ कुठेच नसते, म्हणून नकाशा आणि पार्क सर्व्हिसचं अ‍ॅप हॉटेलच्या वायफायवर ऑफलाइन उतरवून घ्या. मागे गाड्या साचल्या की बाजूच्या जागेत शिरून त्यांना जाऊ द्या.

रविवारी ३२१ ने मेरीव्हिल, लेनॉर सिटी आणि तिथून आय-७५ ने थेट अटलांटा. फोन कदाचित १२९ नंबरचा रस्ता सुचवेल. त्यात ११ मैलांत ३१८ वळणं आहेत. आई गाडीत असताना तो घेऊ नका.

पाटावरवंटा:

आईंना पुढच्या सीटवर बसवा आणि दृष्टी लांब रस्त्यावर ठेवायला सांगा. पहाटे उपाशीपोटी निघू नये, पण पोटभरही नको. दोन दशम्या किंवा कोरडा पोहे चिवडा, वर आवळा सुपारी. गोळी द्यायची असेल तर घाट सुरू होण्याच्या तासभर आधी. या वयात त्या गोळ्यांनी फार गुंगी येते, आणि काचबिंदू असेल, किंवा बाबांना देताना प्रोस्टेटचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये.

कपडे थरांचे घ्या. पायथ्यापेक्षा माथ्यावर १० ते २० अंश फॅरनहाइटने थंडी जास्त आणि वर वारा. कानटोपी लागतेच. ज्येष्ठांसाठी स्वच्छतागृहांचा अंदाज हवा: न्यूफाउंड गॅपला आहे, केड्स कोव्हच्या फेरीत मध्यावर केबल मिलपाशी आहे, मधल्या गर्दीत काही नाही. त्यामुळे शिरण्याआधी जाऊन या.

डबे गाडीत, काचा बंद. टेबलावर भाजी-चटणी ठेवून नदीवर फोटो काढायला जायचं नाही. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल पुढे माणसांच्या जवळ येतं आणि शेवटी त्याच्याच जिवावर बेततं. उष्टं, साली, कागद सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या कचरापेटीतच टाकायचं.

सोनटक्का:

सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रायसन सिटी एक रात्र आणि टाउनसेंड दोन, असं आत्ताच नक्की केलं. दोन शंका: पार्कला तिकीट आहे का? आणि शुक्रवारी पाऊस किंवा बर्फ असेल तर?

डोंगरयात्री:

प्रवेश फुकट आहे, पण पार्किंगला टॅग लागतो. मार्च २०२३ पासून १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी उभी करायची असेल तर दिवसाला ५ डॉलर, आठवड्याला १५, वर्षाला ४०. तुम्ही आठवड्याचा घ्या. इतर राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे टॅग म्हणून चालत नाही. टॅगवरचा गाडीचा नंबर जुळावा लागतो, म्हणून भाड्याची गाडी हातात आल्यावरच घ्या; ओकोनालुफ्टी व्हिजिटर सेंटरला सहज मिळतो.

हवेचं म्हणाल तर गुरुवारी रात्रीच पार्कच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती बघा. ऑक्टोबरातही वर बर्फ साचून ४४१ बंद होऊ शकतो. तसं झालं तर चेरोकीहून टाउनसेंडला आय-४० ने वळसा घालावा लागतो, आणि त्या रस्त्याचा पिजन नदीच्या खोऱ्यातला भाग सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात वाहून गेला होता. एक-एक मार्गिका मार्च २०२५ मध्ये खुली झाली. तिथली स्थिती नॉर्थ कॅरोलिनाच्या वाहतूक खात्याच्या नकाशावर दिसते, आणि वेळ दुप्पट धरून चाला.

नुसता पाऊस-धुकं असेल तर कुवोही सोडून द्या, ढगात काहीच दिसणार नाही. त्याऐवजी ओकोनालुफ्टी नदीकाठची दीड मैलाची जवळजवळ सपाट वाट धरा, बाबांना झेपेल तिथून मागे फिरा. तिथून अर्ध्या मैलावर मिंगस मिल ही जुनी पाणचक्की आहे. दुपारी ढग उठले तर न्यूफाउंड गॅप ओलांडा. पावसाने ओल्या झालेल्या खोडांवर पिवळी पानं उन्हापेक्षा जास्त उठून दिसतात.