मदत हवी आहे: बॅटरी उतरली, सेंट्रल लॉक बंद, गाडी उघडायची कशी? (नागपूर)

बेसा_रोड:
नमस्कार मंडळी. हॅचबॅक, पुश-बटन स्टार्ट, २०१९ चं मॉडेल. मनीषनगरला मोकळ्या पार्किंगमध्ये तीन आठवडे उन्हात उभी आहे. रिमोट दाबला तर काहीच होत नाही, हँडलवरचं बटणही मेलेलं. रिमोटचा लाल दिवा मात्र लागतो. दाराला चावीचं भोक कुठे दिसत नाही. बॉनेटचा खटका आत डॅशबोर्डखाली, त्यामुळे बॅटरीपर्यंतही पोचता येत नाही. काच न फोडता काय करता येईल?

ऑटोइलेक्ट्रिक_महाल:
भाऊ, पहिले नेमका कोणता सेल मेला ते ठरवा. काचेला डोळे लावून डॅशबोर्डवर बघा. सिक्युरिटीचा लाल ठिपका लुकलुकत असेल तर गाडीत करंट आहे आणि दोष रिमोटचा. ठिपकाही नसेल आणि दुसऱ्या रिमोटनेही काही होत नसेल, तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरीच बसली. तुमच्या रिमोटचा दिवा लागतो, त्यामुळे माझा कौल बॅटरीवर. तरी सेल जुना असेल तर बदलून घ्या. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ असतो, पण जुन्या सेलवरचा नंबर वाचूनच आणा.

रिमोटच्या कडेला छोटा खटका असतो. तो सरकवला की आतून पातळ लोखंडी चावी निघते. भोक हँडलशेजारच्या टोपीखाली लपलेलं असतं. हँडल ओढून धरा, टोपीच्या खालच्या बाजूला बारीक फट सापडेल, तिथे चावीचं टोक घालून टोपी वर उचला. चावीला आधी एक वेढा टेप मारा, नाहीतर रंगाला ओरखडा जातो.

बेसा_रोड:
लाल ठिपका नाही. टोपी निघाली, चावी पूर्ण आत जाते, पण जेमतेम अर्धा सूत फिरते आणि अडते. पक्कड लावून फिरवू काय?

चावी_आणि_कुलूप:
पक्कड अजिबात लावू नका. ही चावी पातळ असते. मोडली आणि तुकडा आत राहिला की अख्खा सिलिंडर, म्हणजे कुलपाचा आतला गोल गाभा, उतरवावा लागतो. रोज रिमोटने उघडणाऱ्या गाडीत या कुलपाच्या पत्त्या वर्षानुवर्षं हलतच नाहीत, त्यात आपल्याकडची धूळ बसते. ग्रॅफाइट पावडर किंवा कोरडा टेफ्लॉन स्प्रे भोकात मारा. शिलाई मशीनचं तेल नको, धूळ त्याला चिकटून पेस्ट होते. चावी न फिरवता दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. मग दोन्ही दिशांना हलके झटके द्या, त्याच वेळी दुसऱ्या हाताने दार आत दाबा म्हणजे लॅचवरचा (दार अडकवणाऱ्या कडीवरचा) ताण सुटतो. हे सकाळी सहा-सातला करा. दुपारी त्या पत्र्याला हात लावणंही कठीण.

चावी काहीच विरोध न होता गरगर फिरत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सिलिंडरमागची दांडी क्लिपमधून सुटलेली असते आणि त्या कुलपाशी झटण्यात अर्थ नसतो.

तिसरा_गिअर:
चावीने नाहीच जमलं तर वेज आणि लांब दांडीचा मार्ग, पण माहितगाराकडूनच करून घ्या. दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात प्लास्टिकची पाचर घालून हवेची पिशवी फुगवतात. जेमतेम बोटभर फट पडली की रबर चढवलेल्या दांडीने आतलं हँडल ओढतात. जास्त फुगवली तर दाराची चौकट वाकते, मग हायवेला शीळ वाजते आणि पावसाळ्यात सीट भिजते. काचेच्या बीडिंगमधून पत्र्याची पट्टी घालणारा भेटला तर हात जोडून परत पाठवा. दारात वायरिंग असतं आणि कित्येक गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सरही.

दुसरा मार्ग खालून. स्टार्टर मोटरच्या जाड टर्मिनलला बॅटरीची पॉझिटिव्ह केबल थेट येते. तिथे जंपरचा (दुसऱ्या बॅटरीतून करंट आणणाऱ्या जाड वायरींचा) लाल चिमटा आणि इंजिनच्या उघड्या धातूला काळा लावला की लॉकला करंट मिळतो. पण हे काम रॅम्पवर किंवा खड्ड्यावरच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये, आणि लाल चिमटा बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. फॉग लॅम्पच्या वायरीतून करंट देऊ असं कोणी म्हटलं तर वेळ घालवू नका. बहुतेक गाड्यांत मध्ये रिले (करंटने चालणारा स्विच) उघडा असतो, करंट पुढे जातच नाही.

धरमपेठ_४४००१०:
धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी एक. आत लेकरू किंवा म्हातारं माणूस अडकलं असेल तर वरचं काहीच करत बसू नका. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते. ११२ ला फोन लावा आणि त्याच वेळी आतल्या माणसापासून सगळ्यात लांबची बाजूची काच फोडा, टोकदार लोखंडाने, कोपऱ्यात मारून. समोरच्या काचेवर वेळ घालवू नका. तिच्यात मधे प्लास्टिकचा थर असतो, ती फक्त तडकते.

बेसा_रोड:
ग्रॅफाइटने काम झालं, दार उघडलं. बॅटरीवर मीटर ९.४ व्होल्ट दाखवतो. आता?

ऑटोइलेक्ट्रिक_महाल:
मस्त. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते. ९.४ म्हणजे पार रिकामी, कदाचित एक सेलही गेला असेल. जंपरचा क्रम असा: लाल तुमच्या पॉझिटिव्हला, लाल दुसऱ्या गाडीच्या पॉझिटिव्हला, काळा दुसऱ्या गाडीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचा काळा तुमच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, शेवटची ठिणगी तिथे पडायला नको. दुसरी गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, मग स्टार्ट मारा. काढताना उलटा क्रम. करंट जोडताच अलार्म बोंबलू शकतो, कारण दार चावीने उघडलंय. घाबरू नका, रिमोटचं अनलॉक दाबा.

गाडी चालू झाली की मीटर १३.८ ते १४.४ दाखवायला हवा. तेवढा असेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर बॅटरी चार्ज करणारं यंत्र, ठीक. बॅटरी दुकानात लोड टेस्ट करून घ्या, म्हणजे भार देऊन ती किती टिकते ते तपासून. आपल्या उन्हात तीन-चार वर्षांत पाणी आटून प्लेटा खराब होतात. नवी बॅटरी घातल्यावरही पुन्हा उतरली तर गाडी बंद करून तासाभराने करंट मोजा. ५० मिलीअँपियरच्या वर असेल तर काहीतरी चोरून खाऊन राहिलं आहे, आणि पहिला संशय बाहेरून लावलेल्या ट्रॅकर किंवा डॅशकॅमवर.

चावी_आणि_कुलूप:
पुन्हा गावाला जाताना निगेटिव्ह टर्मिनल काढणार असाल तर त्यानंतर आत शिरायला ही लोखंडी चावीच. म्हणून आजच ड्रायव्हरची काच खाली ठेवून चार-पाच वेळा लॉक-अनलॉक करून बघा, अडली तरी हात आत घालता येतो.