मदत हवी आहे: कोलाजचा पुठ्ठा पापडासारखा वळला

जुनी_खिडकी

नमस्कार. एलिमेंटरी परीक्षेत 'क' श्रेणी, त्यापलीकडे चित्रकलेशी माझा संबंध नाही, हे आधीच सांगते.

चिपळूणजवळचं सासरचं घर यंदा पाडलं. माळ्यावरचं बरंच सामान भंगारवाल्याकडे गेलं, पण दोन पिशव्या मी डोंबिवलीला आणल्या. लग्नपत्रिका, एसटीची ती छोटी रंगीत तिकिटं (कंडक्टर पंच मारून द्यायचे ती), कालनिर्णयची पानं, लुगड्यांचे काठ, बटणांचा डबा. त्यातून त्या घराची पुढची बाजू करतेय. कौलं लग्नपत्रिकांची, लाल-केशरीला तोटा नाही. ओसरीचे खांब काठांचे, पन्हळ गोळ्यांच्या संपलेल्या चंदेरी पट्ट्यांची. भिंतींना वर्तमानपत्र, वरून चहाच्या पाण्याचा हात. पाऊस दुधाच्या पिशव्यांच्या बारीक पट्ट्यांचा. अंगणातली रांगोळी खऱ्या तांदळाची आणि मसूरडाळीची. सासूबाई आता आमच्याकडे असतात, त्यांच्या खोलीत लावायचंय.

आकार साधारण २ बाय ३ फूट, खाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा. काल भिंती आणि कौलं फेविकॉलने चिकटवली, आज सकाळी बघते तर चारही कोपरे वर! नवरा म्हणाला, घर नाही, होडी झालीये.

१. पुठ्ठा सरळ होईल का? तीन आठवड्यांचं काम आहे, परत नाही होणार माझ्याच्याने.
२. दुधाच्या पिशव्या आणि गोळ्यांच्या पट्ट्या वाळल्या की अलगद सुटून येतात. काय वापरू?
३. पावसाळ्यात बुरशी, कसर?

बाइंडरचा_नातू

ताई, घाबरू नका, होडीचं घर होईल. कागद ओला झाला की फुगतो आणि वाळताना आकसतो, आकसताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून पुठ्ठा चित्राच्या बाजूला वळला. आता मागूनही तेवढीच ओढ द्यायची. पुढे जेवढ्या जाडीचा कागद आहे साधारण तेवढ्याच जाडीचा मागे, पूर्ण पृष्ठभागावर, तसाच फेविकॉल लावून. कागदाची दिशाही सारखी ठेवा. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर वेडंवाकडं जातं. सरळ फाटतं ती दिशा.

मग चित्र पालथं घाला. बटणं आणि तांदूळ असतील तिथे खाली जुनी गोधडी. वर प्लायवूड आणि गव्हाच्या पिठाचे डबे, किमान दोन रात्री. मधे उचलून बघायचं नाही. मी दर वेळी बघतो आणि दर वेळी पस्तावतो.

पुढच्या वेळी खोक्याचे दोन पुठ्ठे घ्या, एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. असा जोड सहसा वळत नाही. आणि फेविकॉल पातळ हाताने, तुम्ही बहुतेक श्रीखंडासारखा लावलाय.

खटपट्या

प्रश्न २. फेविकॉल पाण्यावरचा असतो, पाणी कागदात-कापडात मुरलं की तो धरतो. प्लास्टिकमध्ये पाणी मुरायला जागाच नाही, म्हणून तो नुसता वर साय धरून बसतो. गोळ्यांच्या पट्ट्यांना पॉलिश पेपर मारा आणि चपलांना वापरतात ते रबरी सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावा, १०-१५ मिनिटं सुकू द्या, मग दाबा. खिडक्या उघड्या ठेवून, वास डोक्यात जातो.

दुधाच्या पिशवीला मात्र घरातलं काहीच नीट धरत नाही. तो पाऊस शिवून टाका. पांढऱ्या दोऱ्याचे टाके दिसले तर पावसाचेच वाटतील. मागचा कागद लावायच्या आधी शिवा, म्हणजे गाठी झाकल्या जातील.

सुलभामावशी

अगं, तांदूळ-डाळ काढ आधी! माझ्या भाचीने शाळेच्या प्रकल्पात असंच केलं होतं, दोन महिन्यांत सोंडे चित्रभर फिरत होते. तांदळाऐवजी अंड्याची धुऊन वाळवलेली टरफलं चुरून लाव, मसुरीऐवजी काचेचे मणी. आणि कुणी पिठाची खळ सुचवली तर ऐकू नकोस, कसरीला मेजवानी आहे ती. पूर्वी बाइंडर खळीत मोरचूद घालायचे म्हणून टिकायची, पण मोरचूद विषारी, घरात नको.

बुरशीचं म्हणशील तर ओल्या बाहेरच्या भिंतीला टांगू नकोस. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लाव, हवा खेळते.

रद्दीप्रेमी

अवांतर: पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी १९१२ च्या सुमारास चित्रांत चिकटवलेली वर्तमानपत्रं आज तपकिरी पडली आहेत. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन राहतं, उजेडाने ते पिवळं होतं. तुमच्या भिंतींना चहा दिलाच आहे, तेव्हा अजून पिवळ्या पडल्या तर घर आणखी जुनं दिसेल. एक मात्र सांभाळा, यंत्रातून निघणारी हल्लीची तिकिटं लावू नका. त्या कागदावर अक्षरं उष्णतेने उमटतात. काही दिवसांनी ती फिकी पडतात आणि इस्त्री लागली तर आख्खा कागद काळा होतो (विचारू नका).

जुनी_खिडकी

सगळ्यांचे आभार. पाऊस शिवला, बोटाला तीन वेळा सुई. तांदूळ काढले, टरफलांची रांगोळी खरं तर जास्त छान दिसतेय. पिठाच्या डब्यांखाली दोन रात्री ठेवून पुठ्ठा सरळ झालाय, फक्त वरचा उजवा कोपरा अजून जरासा उठतो. (हो, मधे एकदा बघितलं.)

मागे लावायला कालनिर्णयची पानं काढली तर सासूबाईंनी हातातून घेतली. त्यांवर दुधाचे खाडे आणि 'सिलिंडर लावला' असं त्यांच्या अक्षरात लिहिलंय. म्हणाल्या, ही मागे नाही लावायची. शेवटी मागे आमच्या सोसायटीच्या जुन्या नोटिसा गेल्या आणि एक जून महिना ओसरीच्या भिंतीवर पुढे आला, तिथे खरंच कॅलेंडर असायचं.

आता एकच प्रश्न. बटणं पाऊण सेंटिमीटर वर येतात. फ्रेमवाला म्हणतोय काच नको, नुसती वार्निश मारू. पण वार्निशने त्या जूनमधली शाईपेनाची अक्षरं पसरतील का? कुणी करून बघितलंय?

बाइंडरचा_नातू

वार्निश अजिबात नको. अक्षरांचं जाऊ दे, पुसायचं कसं त्या बटणांमधून? फ्रेमवाल्याला खोल पट्टीची फ्रेम मागा, काच चित्रापासून दीड सेंटिमीटर लांब बसवायला सांगा. आणि कोपऱ्यावर अजून एक रात्र डबा ठेवा. या वेळी न बघता.