मदत हवी आहे: दर्जा न बिघडवता एमपी३ गाण्यांचा आवाज सारखा कसा करायचा?

सांगलीत मंडळाच्या मांडवात गणपतीचे दहा दिवस पेनड्राइव्हवरून गाणी लावायची आहेत. २०० च्या आसपास एमपी३ फायली, बहुतेक १२८ केबीपीएस. जुने अभंग बारीक वाजतात आणि पाठोपाठ येणारं नवीन गाणं कानठळ्या बसवतं. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये एका अभंगाचा आवाज वाढवून परत एमपी३ केली, तर टाळ चरचरायला लागले. दुसरा मार्ग आहे का?

मिरजकर: परत एमपी३ केली की आधीच दाबलेली फाइल दुसऱ्यांदा दाबली जाते, आणि त्यात टाळ-झांजांचेच आवाज आधी बिघडतात. एमपी३गेन वापरा, फुकट आहे. एमपी३च्या प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे छोट्या तुकड्यात, 'ग्लोबल गेन' हा आवाजाची पातळी ठरवणारा आकडा असतो. हे सॉफ्टवेअर तेवढाच बदलतं, बाकी ध्वनीला हात लावत नाही. एक पायरी साधारण १.५ डेसिबलची, त्याहून बारीक फरक होत नाही.

आधी फोल्डरची कॉपी काढून ठेवा. टार्गेट (हवी ती आवाजाची पातळी) ८९ डेसिबलच राहू द्या, 'ट्रॅक अ‍ॅनालिसिस' करा, मग 'ट्रॅक गेन'. ९८ चं गाणं सहा पायऱ्या खाली येईल, ८३ चा अभंग चार पायऱ्या वर जाईल. मात्र गेन लावण्याआधी 'क्लिप (ट्रॅक)' रकाना बघा. तिथे 'वाय' दिसला तर गेन लावल्यावर त्या फाइलचा आवाज फाटेल. जुन्या अभंगांत हे हमखास होतं, कारण गाणं संथ असलं तरी पखवाजाची थाप एकदम वर जाते. अशा वेळी सगळ्यांचंच टार्गेट ८६ करा आणि कमी पडलेला आवाज अ‍ॅम्प्लिफायरवर वाढवा.

धागाकर्ता: जमलं! पण मराठी नावाच्या फायली उघडतच नाहीत.

मिरजकर: जुनं सॉफ्टवेअर आहे, देवनागरी नावं त्याला वाचता येत नाहीत. नावं इंग्रजी अक्षरांत करून घ्या.

कृष्णाकाठ: कीर्तनाचे सलग भाग असतील तर त्यांना 'अल्बम गेन' (सगळ्या भागांना एकसारखाच बदल) लावा, नाहीतर भागाभागांत आवाज वरखाली होईल. आणि नुसता रिप्लेगेन टॅग (आवाज किती कमी-जास्त करायचा याची फाइलमधली नोंद) लिहिणारी सॉफ्टवेअर इथे कामाची नाहीत. पेनड्राइव्ह लावायचे साधे प्लेअर तो टॅग सहसा वाचत नाहीत.

धागाकर्ता: आणि मूळ आवाज परत हवा असेल तर?

मिरजकर: 'अनडू गेन चेंजेस'. किती पायऱ्या हलवल्या ते फाइलच्या टॅगमध्येच लिहिलेलं असतं, म्हणून तोवर टॅग पुसू नका. मूळ रेकॉर्डिंगच फाटलेलं असेल, तर आवाज कमी करूनही ते सुधारणार नाही.