मदत हवी आहे: मधमाशी की साधी माशी, फोटोवरून कसं ओळखायचं?

देशी मधमाश्यांच्या नोंदी करायला व्हॉलंटियर म्हणून नाव दिलंय, एकाच झाडापाशी 15 मिनिटं थांबून फुलांवर कोण कोण येतं ते मोजायचं आणि फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गातल्या नोंदींच्या वेबसाइटवर टाकायचे. जगात मधमाश्यांच्या 20,000 च्या वर जाती आहेत आणि बहुतेक पोळं न बांधता एकेकट्याच राहतात, हे मला आत्ता कळलं! काल एक पानं कापणारी मधमाशी पानाचा गोल तुकडा पोटाशी धरून भिंतीच्या भोकात शिरली, बघतच राहिले. पण अडतंय ते इथे, की माशीला दोन पंख आणि मधमाशीला चार हे माहितीये, पण फोटोत पंख नीट येतच नाहीत. मग फोटो कुठून काढू, चेहऱ्याचा, मागच्या पायांचा की वरून? आणि जात कळली नाही तर नुसतं 'मधमाशी' लिहून टाकलं तर चालतं का? चुकीची नोंद जायला नको म्हणून विचारतेय.