मदत हवी आहे: एनपीव्ही मारून चार दिवस झाले, अळ्या मजेत

शिवारातला: सोयाबीनवर एनपीव्ही मारला, अळ्यांना रोग लावून मारणारा विषाणू असतो तो. चार दिवस झाले, अळ्या ठणठणीत, उलट फुगल्यात. फूल लागतंय, थांबायला वेळ नाही. डोस बाटलीवर होता तेवढाच घेतला. माल बोगस आहे का? लगेच सांगा.

काळीमाती: कोणत्या अळीचा एनपीव्ही? किती वाजता मारला? अळी केवढी आहे?

शिवारातला: अळी म्हणजे पानं खाते ती. सकाळी दहाला सुरू केलं, एकपर्यंत उरकलं.

काळीमाती: मग अर्धा तिथेच गेला. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा विषाणू निकामी होतो. ऊन उतरल्यावरच मारायचा. द्रावणात थोडी नीळ टाकली की जरा टिकतो. आणि नुसता अंगावर पडून काही होत नाही, अळीने खाल्ला पाहिजे.

बिनधास्त७: वाट कसली बघताय? इमामेक्टिन मारा, रासायनिक कीटकनाशक, दोन दिवसांत रान साफ. विषाणू-बिषाणू हौशी लोकांचं काम.

जुनाखोडा: आणि मित्रकीटक? ते तुमचे काका भरून देणार का? एनपीव्हीला चार ते सात दिवस लागतातच. अळीच्या पोटातल्या अल्कधर्मी रसात विषाणूचं कवच विरघळतं, मग तो आत वाढतो. शेवटी अळी शेंड्यावर चढते आणि मागच्या पायांवर उलटी लटकून मरते. बोट लावलंत तर कातडी फाटून घाण पाणी गळतं. मी अशाच अळ्या गोळा करतो, ठेचून फडक्यातून गाळतो आणि तेच फवारतो. विकत आणतच नाही.

गणित_कच्चं: मग डोस कसा मोजता? त्याचं माप एलई, 1 एलई म्हणजे 600 कोटी विषाणूगोळ्या. शिवाय फडक्यातून जिवाणूही खाली येतात.

जुनाखोडा: माझ्या अळ्या आकडा विचारून मरत नाहीत.

सावली: मधेच विचारते, आमचं कुत्रं फवारलेल्या रानात लोळलं. त्याला काही होईल का?

काळीमाती: नाही हो. हा कुत्र्याला सोडाच, दुसऱ्या जातीच्या अळीलाही सहसा लागत नाही. शिवारातला, म्हणूनच मघाशी विचारलं. बाटलीवर नाव काय आहे? अळी दिसते कशी?

शिवारातला: हेलिकोव्हर्पा (घाटेअळी) लिहिलंय. अळीच्या पाठीवर काळे त्रिकोणी डाग, पिवळ्या रेघा. आधी एकाच पानावर पुंजका होता, पानाची जाळी करून टाकली होती.

काळीमाती: अहो दादा, ही स्पोडोप्टेरा, वेगळ्याच जातीची अळी! हेलिकोव्हर्पा अंडी एकेक सुटी घालते. हे पहिल्या ओळीत सांगितलं असतंत तर कुत्र्यापर्यंत गेलो नसतो. स्पोडोप्टेराचा एनपीव्ही वेगळा असतो, आणि तोही अळ्या पुंजक्यात असतानाच मारायचा. मोठी अळी सहजी दाद देत नाही.

बिनधास्त७: म्हणजे शेवटी इमामेक्टिनच ना?

काळीमाती: या खेपेला रासायनिकच. पण सोयाबीनसाठी शिफारस आहे का ते लेबलवर बघून.

हिरवापाला: नवीन पानं पिवळी पडत असतील तर लोहाची कमतरता असते. फेरस सल्फेट फवारा.

शिवारातला: पिवळी कुठे पडलीत? बरं, आत्ता रानात जाऊन आलो. चार अळ्या शेंड्याला उलट्या लटकल्यात. पण त्या हिरव्या, कडेला फिकट रेघ. डागवाल्या खातच आहेत. अर्धी बाटली उरलीय, तिचं काय करू?

जुनाखोडा: त्या हिरव्याच हेलिकोव्हर्पा. बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. आणि त्या चार अळ्या फेकू नका.

गणित_कच्चं: झालं यांचं सुरू.